सापडलेलं पीस कसं वाचावं

पावसाळा सरत आला की सांगलीत आयर्विन पुलाच्या आसपास, उसाच्या बांधावर, वाईच्या घाटाच्या पायऱ्यांवर पिसं पडलेली दिसू लागतात. आपल्याकडचे बरेचसे पक्षी वीण आटोपली की जुनी पिसं टाकून नवी घेतात, त्यामुळे पिसं वाचायला शिकायचं तर हे दिवस सोयीचे. पीस हातात आलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "कुठल्या पक्ष्याचं?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आधी पाहावं ते हे की पीस अंगावर कुठे होतं आणि तिथे काय काम करत होतं. तेवढं कळलं तर नावाचा निम्मा शोध लागतो. नाही लागला तरी फारसं बिघडत नाही.

उचलण्याआधी

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे रानपाखरांच्या शरीराचे भाग घरी बाळगण्यावर बंधनं आहेत. मोराच्या आपोआप गळलेल्या पिसांना सवलत आहे, पण ती सगळ्याच पक्ष्यांना लागू आहे असं धरून चालू नका. तिथेच पाहा, शेजारी पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, तारीख-ठिकाण लिहा आणि पीस जागच्या जागी ठेवून द्या. सागरेश्वर अभयारण्यात किंवा चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात फिरत असाल तर हे विशेष पाळा. पीस हाताळलं तर साबणाने हात धुवा. मेलेल्या पक्ष्यांजवळची पिसं तर हाताळूच नका.

सरावाला घरच्या किंवा शेजारच्या गावठी कोंबडीचं पंखातलं पीस घ्या. ब्रॉयलरचंही चालतं, पण पांढऱ्या पिसावर बारकावे दिसत नाहीत.

अंगावरची जागा ओळखा

मऊ, विस्कटलेलं, फुंकरीने उडणारं पीस ऊब धरण्यासाठी असतं. ते आत, कातडीलगत असतं. बुडाशी मऊ आणि टोकाला गुळगुळीत असेल तर ते पाठ-पोटावरचं, म्हणजे बाहेरचा अंगरखा. लांब, ताठ आणि कडक दांड्याचं असेल तर पंखातलं किंवा शेपटीतलं.

आता दांड्याच्या दोन्ही बाजूंची पाती पाहा. एक बाजू अरुंद आणि दुसरी रुंद असेल तर बहुधा ते उडायचं पीस. अरुंद बाजू वारा कापत पुढे असते. पात्या अशा असमान असल्यामुळेच पंखाच्या टोकाकडचं प्रत्येक पीस हवेत आपापलं वळतं आणि झेप घेता येते. शेपटीच्या मधल्या जोडीत दोन्ही बाजू जवळपास सारख्या असतात, कडेला जावं तशा त्या असमान होत जातात.

पीस डाव्या पंखाचं की उजव्या, हेही कळतं. दांड्याच्या खालच्या अंगाला लांबट खाच असते. ती बाजू जमिनीकडे करा, देठ समोर लांब आणि टोक आपल्याकडे धरा. पाठमोऱ्या बसलेल्या पक्ष्याच्या मिटलेल्या पंखात पिसं अशीच असतात. अरुंद पाती उजवीकडे आली तर पीस उजव्या पंखाचं, डावीकडे आली तर डाव्या. दोन-चार पिसांवर करून पाहिलं की हात बसतो.

ही असमान पाती फार जुनी आहे. जर्मनीतल्या बव्हेरियात चुनखडीच्या खाणीत १८६१ साली आर्किऑप्टेरिक्स या आद्यपक्ष्याच्या काळातल्या एकाच पिसाचा ठसा मिळाला, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचीही एक बाजू अरुंद आहे. पिसं मात्र उडण्याच्या आधीपासून होती. १९९६ साली चीनमधून सायनोसॉरॉप्टेरिक्स हा छोटा डायनोसॉर जगासमोर आला. त्याच्या अंगावर केसाळ तंतू होते, पंख नव्हते. तेव्हा सुरुवात ऊब किंवा दिखाव्यासाठी झाली असावी आणि उड्डाण नंतर आलं.

चेन उघडून पाहा

कोंबडीच्या पिसाची पाती मधेच फाडा. आता चिमटीत धरून देठाकडून टोकाकडे हलकेच ओढा. फट बुजते. दहा पटीचं भिंग असेल तर कारण दिसतं: दांड्यातून तंतू निघतात, तंतूंतून उपतंतू, आणि एका बाजूच्या उपतंतूंवर बारीक आकडे असतात, जे शेजारच्या तंतूच्या उपतंतूंना पकडतात. बॅगेची चेन लागावी तसं. पक्षी दिवसभर चोचीने पिसं सारखी करत बसतो तो याचसाठी. शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतलं तेलही तो त्यांना लावतो.

उडणं सुटलं की पुष्कळदा हे आकडेही जातात. मध्यंतरी एमू पालनाची लाट आली होती, तेव्हाचं पीस कुणाकडे असेल तर मागून घेऊन पाहा. एकाच देठातून जवळपास सारख्या लांबीचे दोन दांडे निघतात आणि तंतू केसांसारखे सुटे लोंबतात. ते फाडून जोडायला जाऊ नका, जोडण्यासारखं त्यात काही नाही.

उजेडात धरा

हा भाग मला सगळ्यात आवडतो. निळं पीस, खंड्याचं किंवा नीलपंखाचं, डोळा आणि उजेड यांच्या मधे धरा. निळा रंग जातो आणि मळकट तपकिरी उरतो. त्या पिसात निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाची आतली सूक्ष्म रचना निळा प्रकाश परत फेकते, म्हणून समोरून उजेड पडला तरच ते निळं दिसतं. मोरपिसावरचा डोळाही असाच, त्यात गडद कणांची बारीक जाळी असते. पोपटाचा हिरवा म्हणजे वरचं पिवळं रंगद्रव्य आणि आतून परतणारा निळा. रोहिताचा, म्हणजे फ्लेमिंगोचा गुलाबी मात्र खरा रंग आहे, खाण्यातून आलेला.

मोरपिसाबद्दल एक: तो पिसारा म्हणजे मोराची शेपटी नव्हे. खरी शेपटी वीसेक तपकिरी पिसांची, पिसाऱ्याच्या मागे आधार देत उभी असते. लांब पिसं तिच्या बुडावरची.

काळ्या टोकांकडेही लक्ष द्या. मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य पिसाला टणक करतं, म्हणून पांढऱ्या अंगाच्या कितीतरी पक्ष्यांची उडायची पिसं, जी सर्वात जास्त झिजतात, काळी असतात. मुग्धबलाक हा करकोचा पाहिला असेल तर हे लगेच पटेल.

पीस एकदम मखमली लागलं आणि त्याच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसले, तर ते घुबडाचं समजा. जुन्या वाड्यांतल्या गव्हाणी घुबडाचं पीस या परीक्षेला उत्तम. त्या दात्यांमुळे आणि मखमलीमुळे उडताना आवाज दबतो.

वाढीचे दिवस मोजा

शेपटीचं पीस उन्हात तिरकं धरा. आडवे फिके-गडद पट्टे अंधुक दिसतील. एक फिका आणि एक गडद मिळून पीस एका दिवसात वाढलं तेवढं. दहा पट्ट्यांच्या जोड्यांची लांबी मोजून दहाने भागा, रोजची वाढ मिळेल. भरपेट पक्ष्याचे पट्टे रुंद, उपाशी पक्ष्याचे अरुंद. मधेच एखादी पारदर्शक, कमजोर रेघ असेल तर पीस उगवताना पक्ष्यावर ताण आला होता. पुष्कळदा पीस तिथेच तुटतं.

पिसांचा ढीग मिळाला तर

सुटं पीस गळलेलं असतं, ढीग म्हणजे शिकार. देठ पाहा. देठ अखंड आणि उपटल्यासारखे असतील तर शिकरा वगैरे शिकारी पक्ष्याचं काम; तो भक्ष्य खाण्याआधी पिसं उपटतो. देठ चावलेले किंवा मधेच तुटलेले, पिसं लाळेने चिकटलेली, तर मांजर किंवा मुंगूस. मात्र मायणी किंवा येरळवाडीच्या तलावाकाठी हिवाळ्यात चक्रवाकाच्या उडायच्या पिसांचा सडा पडेल अशी वाट पाहू नका. हंस-बदकांच्या गटातले हे पक्षी ती पिसं एकदम टाकतात, काही आठवडे त्यांना उडताच येत नाही, आणि हे सगळं इथे येण्याआधी उत्तरेकडच्या त्यांच्या विणीच्या मुलखात उरकलेलं असतं.