परकर-पोलक्यासाठी मुलीचं माप

वयावरून कापड कापू नका. एकाच वयाच्या दोन मुलींच्या छातीत दोन इंचांचा फरक सहज असू शकतो. आधी टेप तपासा: जुनी टेप ताणून लांबते, किंवा टोकाची पत्री निघाल्यावर सुरुवातीचा भागच गेलेला असतो. स्टीलच्या पट्टीशी जुळवून बघा.

मुलीच्या अंगात फक्त पातळ बनियन असू द्या. डायपर वापरत असेल तर तोही राहू द्या. "सरळ उभी राहा" म्हटलं की मुलं श्वास कोंडून छाती फुगवतात, म्हणून तिला बोलतं ठेवा. छातीचं माप काखेखालून, दोन बोटं टेपच्या आत ठेवून. पाठीवर टेप खाली घसरते, तेवढं बघा. छाती 22 इंच भरली तर 3 इंच सैल धरून 25. चौथा भाग सव्वासहा, शिवाय बाजूच्या शिवणीला 1 इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत राहणारं जादा कापड. बटणपट्टी वेगळी.

लहान मुलींना कंबर अशी नसतेच, पोट असतं. पोटाभोवती नाडी सैलसर बांधा आणि तिला दोन-चार उड्या मारू द्या. नाडी जिथे स्थिरावेल तीच कंबर. हे माप जेवण झाल्यावर घ्या, नाहीतर परकर सणाच्या पंगतीत काचतो. पोलक्याची उंची खांद्यापासून पुढून आणि मागून वेगवेगळी मोजा. पुढे पोटावरून जास्त कापड लागतं. फक्त पाठीवरून मोजलेलं पोलकं पुढे वर चढतं. परकराचीही पुढची उंची वेगळी घ्या, नाडीपासून घोट्याच्या 1 इंच वरपर्यंत. जमिनीपर्यंतचा परकर फोटोत छान दिसतो, पण जिना चढताना पायात येतो.

खांदा एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत. दंडघेरात दीड इंच सैल. पुढून न उघडणारं पोलकं असेल तर डोक्याचा घेरही हवा: 20 इंच डोकं असेल तर गळा आणि मागची चीर मिळून 21 तरी उघडायला हवं.

प्रत्येक माप दोनदा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

अस्तराचं सुती कापड कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचा खण चुरगळल्यासारखा दिसतो.

वाढत्या अंगासाठी परकर लांब ठेवण्यापेक्षा काठाच्या वर 1 इंचाचे दोन आडवे टक, म्हणजे कापड दुमडून शिवलेल्या घड्या, घाला. एका टकात 2 इंच कापड जातं, म्हणून कापताना उंचीत 4 इंच जास्त धरा. टीप मोठी ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी उसवणं सोपं. जरीच्या काठावर मात्र टक नको, सुईची भोकं तिथे दिसत राहतात.