पावसाआधी परस तयार करताना: आधी पाणी, मग झाडं

मे अर्धा सरला की माझं सगळं लक्ष मागच्या परसाकडे लागतं. आपल्याकडे गोव्यात पाऊस साधारण 5 जूनच्या आसपास येतो, म्हणजे हातात तीन आठवडे, नोकरी करणाऱ्यांना तर फक्त शनिवार-रविवार, आणि घरच्या घरी परस नीट करायचं असेल तर खरे कामाचे दिवस हेच, कारण एकदा मिरग लागला की खणलेली माती खोऱ्याला चिकटून बसते आणि घमेलं उचलत नाही. म्हणून दरवर्षी मी काय काय आधी करून ठेवते ते सगळं इथे लिहितेय, ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने, कारण क्रम चुकला की काय होतं ते आम्ही भोगलंय.

आमचं घर फोंड्याजवळ, उतारावर, मागे चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा डोंगर. काही वर्षांपूर्वी आम्ही आधी हौसेने झाडं आणली, मग स्वयंपाकघराच्या मागच्या दारापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून घेतले, आणि पाण्याचा विचार कोणीच केला नाही, बसवणाऱ्याने नाही आणि आम्हीही नाही. उतार नकळत घराकडे झाला. जुलैच्या एका रात्री दाराखालून पाणी आत आलं आणि खालच्या फळीवर ठेवलेली पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली सोलं (कोकमं), मिरच्या, सगळं भिजलं. आईने उन्हात वाळवून घातलेली सोलं होती ती, तिचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, परसात पैसा किंवा घाम घालायच्या आधी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघा, बाकी सगळं त्यावर ठरतं.

बघायचं कसं, तर मे महिन्यात संध्याकाळी गडगडाट होऊन एखादी तरी सर पडतेच, तेव्हा घरात न बसता छत्री घेऊन मागे जायचं, बरोबर जुन्या झाडूचे मूठभर हीर घ्यायचे, आणि पाणी जिथून वाहतंय तिथे तिथे ते हीर जमिनीत खोचत जायचं. जिथे डबकं होतंय त्याच्या कडेने गोल खोचायचे. पाऊस थांबला की अख्ख्या परसाचा नकाशा डोळ्यांसमोर उभा असतो. सर पडलीच नाही तर नळाचा पाईप वरच्या बाजूला अर्धा तास सोडून ठेवा, थोडंफार कळतं. आणि जुन्या माणसांना विचारा. आमच्याकडे नारळ काढायला येणारा पाडेली फणसाखाली उभा राहिला, टाचेने माती दाबली, टाच आत गेली, तो म्हणाला, "बाय, हांगा उदक रावता," म्हणजे इथे पाणी साचून राहतं. मी बघितलं तर बाकी सगळं परस लाल आणि तिथलीच माती काळपट, वर शेवाळाचा हिरवा पापुद्रा, आणि हे मे महिन्यात. मी तिथेच लिंबू लावणार होते, पहिल्याच पावसात मुळं कुजली असती.

मग उतार मोजायचा. त्याला महागडं काही लागत नाही, गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाईप हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, त्यात पाणी भरायचं, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक घराच्या भिंतीला लावायचं, दुसरं टोक परसाच्या शेवटाला काठीला बांधायचं, दोन्हीकडे पाण्याची पातळी सारखीच असते, तिथे खूण करायची आणि खुणेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. शेवटच्या टोकाचं माप जास्त यायला हवं. दर 8 फुटांना निदान 1 इंच उतार, घरापासून लांब जाणारा, एवढं तर पाहिजेच. दोघं जण लागतात या कामाला, माझा मुलगा आठवीपासून दुसरं टोक धरतो.

पाणी किती येतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो म्हणून सांगते. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. घराचं छप्पर 100 चौरस मीटर धरलं आणि दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला, जो आपल्याकडे जुलैमध्ये काही नवलाचा नाही, तर नुसत्या छपरावरून 10,000 लिटर पाणी खाली येतं, म्हणजे मोठ्या टँकरभर. ते कौलांवरून पागोळ्यांनी भिंतीच्या बुडाशीच पडतं आणि जमिनीला चर पाडतं. म्हणून पागोळीच्या रेषेत वीतभर खोल चर खणा, त्यात चिऱ्याचे तुकडे किंवा जाडी खडी भरा म्हणजे माती उडून भिंत लाल होत नाही, आणि तो चर उताराने पुढे घेऊन जा. पुढे म्हणजे कुठे, तर शक्यतो शोषखड्ड्यात. 3 फूट लांब, 3 रुंद, 3 खोल, खाली मोठे फुटके चिरे, वर बारीक होत जाणारी खडी, घराच्या पायापासून 10 फूट तरी लांब, सेप्टिक टँकपासूनही लांब. आणि शेजाऱ्याच्या आवारात आपलं पाणी ढकलायचं नाही, आधी त्यांना बोलावून दाखवा, वरच्या घराचं पाणी आपल्याकडे येत असेल तर त्यांच्याशीही बोला, पाऊस सुरू झाल्यावर ही बोलणी भांडणासारखी होतात.

खणायच्या आधी नळाची पाईपलाईन, सेप्टिकचा पाईप आणि जमिनीखालून गेलेली वायर कुठून जाते ते लक्षात घ्या, घर बांधलं तेव्हाचं कोणी असेल तर विचारा. मागे दिवे किंवा पंप असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का आणि चालतो का ते बघून घ्या. ओल्या जमिनीवर उघड्या पायांनी उभं राहून स्विच लावणारी माणसं आपल्याच घरातली असतात, यात कंजुषी नको.

हत्यारं म्हणाल तर कुदळ, खोरं, पहार, घमेलं, कोयता, लाईनदोरी, बस. कुदळीचा दांडा सैल असेल तर रात्रभर पाण्यात ठेवा, लाकूड फुगून घट्ट बसतं. कोयत्याला धार आणि थोडं खोबरेल तेल. पण त्याहून महत्त्वाचे गमबूट आणि जाड हातमोजे. चिऱ्यांची रास, सोडणांचा (नारळाच्या सालींचा) ढीग, चुडतांखालची (माडाच्या झावळ्यांखालची) जागा, इथे फुरसं, घोणस असे विषारी साप, म्हणजे इथे फुरसं असू शकतं, घोणस असू शकते. चिरा कधीच बोटं घालून उचलायचा नाही, आधी पहारीने आपल्याकडच्या बाजूला उलटा करायचा, म्हणजे खाली काही असलं तर ते पलीकडे जातं. अंधार पडला की काम बंद. आणि एवढं करूनही चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी करकचून बांधायची नाही, तो हात-पाय हलू न देता 108 ला फोन आणि सरळ हॉस्पिटल.

आता माड आणि मोठी झाडं. पाडेलीला मे संपायच्या आत बोलवा, जूनमध्ये तो कुणालाच मिळत नाही. सुके नारळ, लोंबणारी चुडतं, सगळं उतरवून घ्या, विशेषतः छपरावर झुकलेल्या माडांचं. शेंड्यात गेंड्या भुंग्याने पाडलेली भोकं आहेत का तेही त्याच फेरीत बघायला सांगा, नव्या पानांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसले की समजायचं. हा भुंगा वाढतो शेणाच्या आणि पालापाचोळ्याच्या ढिगात, म्हणून खताचा खड्डा उकरून पांढऱ्या जाड अळ्या वेचून काढणं हे माडाचंच काम आहे. विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्यांना स्वतः हात लावू नका, वीज खात्याला कळवा. अख्खं झाड तोडायचं मनात असेल तर गोव्यात 1984 पासून झाडांच्या रक्षणाचा कायदा आहे, परवानगी लागते, आणि खरं सांगायचं तर पन्नास वर्षांचा आंबा परसाच्या डिझाईनमध्ये बसत नाही म्हणून तोडणं मला पटतच नाही, डिझाईन बदला.

नवीन माड लावणार असाल तर खड्डा 1 मीटर लांब, रुंद आणि खोल, दोन माडांत 7.5 मीटर अंतर. खाली कातळासारखा चिरा लागला तर खड्ड्याच्या तळाला 2 किलो जाडं मीठ घालून सहा महिने ठेवतात, त्याने चिरा मऊ पडतो, म्हणजे ज्यांना यंदा जमणार नाही त्यांनी खड्डा आत्ता ठरवून पुढच्या वर्षासाठी करावा. रोपं मी जुन्या गोव्याला एलाच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेतून नाहीतर विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करून घेते, रस्त्यावरचं स्वस्त रोप कुठल्या जातीचं ते फळ धरेपर्यंत कळत नाही आणि तोवर वर्षं गेलेली असतात.

आपली लाल माती आंबट, पावसात धुपून आणखी कस जातो. वाफे करायचे तर जमिनीपेक्षा निदान वीतभर उंच, कडेला चिरे लावून, आणि पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी चुलीची राख किंवा थोडा चुना मिसळून ठेवा. शेणखत पूर्ण कुजलेलं घ्या, मुठीत दाबलं की भुसभुशीत सुटलं पाहिजे आणि शेणाचा वास यायला नको. ताडपत्री घालून झाका, नाहीतर पहिल्या सरीत सगळा कस वाहून जातो.

पायवाटेला चिरे लावताना दोन चिऱ्यांत बोटभर फट सोडा, पाणी मुरतं. जुन्या वाटेवरचं शेवाळ आत्ता ताराच्या ब्रशने घासून टाका, पावसात त्यावर पाय घसरून म्हातारी माणसं पडतात. आमच्या आत्याचं मनगट तसंच मोडलं होतं, म्हणून मी दाराच्या बाजूला बांबूचा कठडाही लावून घेतलाय.

करवंट्या, जुने टायर, फुटक्या कुंड्या, कुंड्यांखालच्या बशा, हे सगळं उचला किंवा पालथं घाला. साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून पावसात दर रविवारी एक फेरी मारायची सवय लावून घ्या. गोगलगायींसाठी एक बादली मीठ-पाण्याची आणि चिमटा तयार ठेवा, मोठ्या आफ्रिकन गोगलगायी रात्री बाहेर येतात, एका रात्रीत वेलाचे कोंब खाऊन टाकतात. मीठ मातीत मात्र टाकू नका, बादलीतच ठेवा.

शेवटी बियाणं. भेंडी, दोडकी, तवशी (काकडी), पडवळ, चिबूड, सगळं मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून गावठी बघून आणते आणि कोरड्या डब्यात राखेत ठेवते. वेलांचा मांडव आत्ताच उभा करा, सुपारीच्या पट्ट्या नाहीतर बांबू, कारण वेल चढायला लागल्यावर खांब रोवायला गेलं तर मुळं दुखावतात. आणि हळदीचे कंद मात्र विसरू नका. दोन-तीन चांगल्या सरी झाल्या की उंच वाफ्यात दोन इंच खोल, डोळा वर करून लावायचे, वर सुक्या पानांचं पांघरूण. हीर खोचले होते त्यातले हळदीच्या जागेचे मी तसेच ठेवते, कोंब वर येईपर्यंत कुणाचा पाय पडू नये म्हणून, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पातोळ्यांची (हळदीच्या पानात वाफवलेल्या गोड पदार्थाची) पानं तिथूनच काढायची असतात.