कुरळे केस घरी सरळ करताय? या चुका टाळा

केसांतून चर्र आवाज आला की मुली खूश होतात. मशिन मस्त तापलंय म्हणे! अगं, तो आवाज मशिनचा नाही, केसात राहिलेल्या पाण्याचा आहे.

घरगुती पार्लर चालवते, माझेही केस कुरळेच. घरी केस जाळून आलेल्या मुली मी इतक्या पाहिल्यात की आता राग येत नाही, कंटाळा येतो. कारण बहुतेक वेळा चूक एकच असते: ओल्या केसांवर मशिन.

पाणी उकळतं 100 अंशांना. तुमच्या मशिनच्या पट्ट्या असतात 180 ते 200 वर. केसाच्या आतलं पाणी क्षणात वाफ होतं, बाहेर पडायला जागा नसते, मग केसाच्या पोटातच बुडबुडे धरतात. त्याला 'बबल हेअर' असं नावच आहे. वरून पाहाल तर केस गुळगुळीत, चकचकीत. मग कंगवा फिरवताना बुडबुडा असतो तिथेच तुटतो.

माझ्या भाचीच्या साखरपुड्याची गोष्ट. बाईसाहेबांनी सकाळी नऊला केस धुतले, मुहूर्त पावणेअकराचा. मी स्वयंपाकघरात नारळ खवत होते. खोलीत हिने मशिन थेट 230 वर लावलं आणि भांगाच्या दोन्ही बाजूंच्या बटांपासून सुरुवात केली, कारण 'फोटोत तेच दिसतात'. जळक्या पिसांसारखा वास आला म्हणून मी धावले, तर ही म्हणते, "मावशी, वाफ येतेय बघ, स्टीम ट्रीटमेंट होतेय!" साखरपुडा छान झाला, फोटोही छान आले. चौथ्या दिवशी पुढच्या बटा कंगव्यात आल्या आणि कपाळावर चार बोटांचा खराटा उरला. केस महिन्याला जेमतेम एक-सव्वा सेंटीमीटर वाढतात. पाच महिन्यांनी लग्नात मुंडावळ्यांनी लाज राखली.

कुरळे केस वरून वाळलेले दिसतात, पण मानेजवळचा थर तासन्‌तास ओलसर राहतो. म्हणून मी केस आदल्या दिवशी धुते, कंडिशनर लावून गुंता काढते, अर्धवट वाळले की पाच-सहा सैल वेण्या घालते. वळणं तिथेच निम्मी सैल होतात. सकाळी वेण्या सोडून मानेजवळच्या केसांत तळहाताची मागची बाजू घालून बघते. गार लागलं की ओलं. मग ड्रायर मध्यम आचेवर, आणि परत थांबायचं. हे सगळं ऐकून "एवढा वेळ कुणाला आहे?" असं विचारणाऱ्यांनी सरळ अंबाडा घालावा. छान दिसतो.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे खोबरेल तेल. 'केस भाजू नयेत म्हणून' तेल चोपडून मशिन फिरवणाऱ्या मुली आहेत. हे भाजण्यापासून वाचवणं नव्हे, तळणं आहे. खोबरेल मी स्वतः लावते, पण धुण्याच्या आदल्या रात्री. ते केसात मुरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. गरम पट्टीवर मात्र त्याचा तपकिरी चिकट थर बसतो, बट अडकते, मग तुम्ही जोर लावून ओढता. मशिनआधी लावायचं असतं ते हीट प्रोटेक्टंट. त्यातली सिलिकॉन्स केसावर पातळ थर धरतात आणि उष्णता जरा सावकाश पोचते. ते चिलखत नाही. आणि स्प्रेवालं असेल तर मारल्यावर वाळू द्या. स्प्रे मारला, लगेच पट्टी दाबली, की आलं परत चर्र!

तापमानाचा आकडा न दाखवणारं स्वस्त मशिन घेऊच नका. बारीक किंवा रंगवलेल्या केसांना 150-160 पुरे, जाड दाट कुरळ्यांना 180. मी 190 च्या वर जात नाही. 230 चा आकडा मशिनवर आहे म्हणून वापरायलाच हवा असं कुठे लिहिलंय? बट इतकी पातळ घ्या की तिच्याआड धरलेल्या कंगव्याचे दात दिसावेत. पुढे कंगवा, मागे मशिन, एकदाच, सावकाश. फार तर दोनदा. भरभर सहा वेळा फिरवणाऱ्यांनी कधी डोसा सहा वेळा उलटून बघावा.

बाकीचं थोडक्यात. मुळापासून बोटभर अंतर सोडा. पट्ट्या गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा. तापलेलं मशिन गादीवर ठेवू नका, बाथरूममध्ये तर नेऊच नका. कपड्यांची इस्त्री कपड्यांनाच. घरी करायच्या 'केराटिन' किटपासून लांब राहा. काहींतून तापल्यावर फॉर्माल्डिहाइडचा धूर निघतो, आणि केस सरळ करायला वापरल्या जाणाऱ्या ग्लायऑक्सिलिक आम्लाच्या उत्पादनांनंतर मूत्रपिंडाला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी आहेत.

पावसाळ्यात स्टेशनपर्यंत जाताजाताच केस पुन्हा फुलले, तर मशिनला दोष देऊ नका. उष्णतेने सरळ बसवलेले केसातले बंध हवेतल्या दमटपणाने सुटतात आणि जुन्या वळणात पुन्हा जुळतात, एवढंच. खरा घात होतो तो रोज सकाळी 'थोडंसं टचअप' करण्याने. मी आठवड्यातून एकदाच मशिन लावते, जुलै-ऑगस्टात तेही नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर आधी कानामागची एकच बट सरळ करा, धुवा, आपोआप वाळू द्या. पूर्वीसारखी वळली तर पुढे जा. नाही वळली तर ती भाजली, तिला कुठलंच सीरम परत वळवणार नाही. उरलेल्या केसांसाठी आकडा वीस अंशांनी उतरवा आणि दुसऱ्या कानामागची बट घ्या.