वसंताच्या तोंडावर बागेतले कोंब कसे पाहावेत

थंड प्रदेशातली बरीच बहुवर्षायू झाडं हिवाळ्यात जमिनीवरून पार नाहीशी होतात. खाली मुळांचा गड्डा मात्र जिवंत असतो आणि थंडी ओसरली की पुन्हा फुटतो. ते फुटणं पाहायचं असेल तर रोज एक फेरी मारा आणि हात आवरा. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे.

फेरी सकाळी मारा. तेव्हा ऊन तिरपं पडतं आणि अगदी इवल्या कोंबाचीही सावली मातीवर उमटते. वाफ्यात मात्र उतरू नका. ओली माती पायाखाली दबली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या मिटतात आणि मुळं गुदमरतात. वाटेवरूनच वाका. पाचोळ्याचा थर जाड असेल तर बोटांनी हलकेच बाजूला सारा. खुरपं किंवा दाताळं इथे नकोच, कोवळे कोंब काडकन मोडतात.

आता रंग ओळखायला शिका, कारण पहिला कोंब बहुतेकदा हिरवा नसतोच. पिओनीचे कोंब गर्द लाल, टोकाशी पानं घट्ट मिटलेली. जवळून पाहिलं तर मातीचे कण अंगावर घेऊनच ते वर आलेले दिसतात. हा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा; पान उलगडत गेलं की हिरवा वर येतो. डे लिलीची पाती पंख्यासारखी निघतात, होस्टाची पानं गुंडाळी होऊन टोकदार सुळक्यांसारखी, आणि नेच्यांची तर आत वळलेली वेटोळी. नेच्याचं वेटोळं उलगडताना पाहण्यासाठी मी बाकीची कामं खुशाल बाजूला ठेवते.

जिथे कोंब दिसेल तिथे काडी रोवा, नाव आणि तारीख लिहा, आणि दर आठवड्याला त्याच जागेवरून फोटो काढा. ब्लीडिंग हार्टसाठी तर काडी हवीच. ते लवकर उगवतं, फुलतं आणि पुष्कळदा भर उन्हाळ्यात पुन्हा गायब होतं. मग रिकामी जागा समजून तिथे कुदळ पडते.

फेरीत दोन-तीन गोष्टींवर नजर ठेवा. माती गोठत-वितळत राहिली की उथळ मुळांची झाडं वर उचलली जातात. असा गड्डा दिसला तर हाताने अलगद दाबून बसवा. होस्टाच्या कोंबांवर बिनशंखाच्या गोगलगायी रात्री ताव मारतात, त्या वेचून काढा. होस्टाची पानं उलगडल्यावर पुन्हा दहिवर गोठण्याइतकी थंडी पडणार असेल, तर संध्याकाळी त्यांच्यावर बादली पालथी घाला आणि सकाळी काढा.

सगळ्यांत जास्त चुकतं ते उशिरा उठणाऱ्यांच्या बाबतीत. बलून फ्लॉवर आणि थंडी सोसणारी मोठ्या फुलांची जास्वंद माती चांगली तापेपर्यंत हूं की चूं करत नाहीत. शेजारची झाडं वीतभर वाढलेली असतात आणि इथे नुसती माती. झाड गेलं असं समजून लोक उकरतात आणि मातीखाली तयार होत असलेला कोंबच तोडतात. उन्हाळा सुरू होईपर्यंत थांबा. तरीही काही दिसलं नाही, तर कडेची थोडी माती बोटांनी सारून गड्डा चाचपा. टणक लागला तर माती परत सारून ठेवा. मऊ, लिबलिबीत झाला असेल तरच काढा.