गळक्या व्हॉल्व्हची तक्रार निकाली कशी लावावी

आमच्याकडं एप्रिलात चौथ्या दिवशी नळ येतात, ते पण दीड तास. आणि त्याच दीड तासात माझ्या शिलाईच्या दुकानासमोरच्या व्हॉल्व्हमधून पाणी नालीत वाहून राहिलं होतं. तीन महिने मी नगरपरिषदेत तोंडीच सांगितलं. "होऊन जाईल ना काकू." तोंडी तक्रार म्हणजे वाऱ्यावरची वरात, हे कळायला मला तीन महिने लागले, तुम्ही लावू नका.

आधी मोजा. "खूप पाणी वाया जाते" असं लिहिलं तर कोणी वाचत नाही. मी खड्ड्यातल्या धारेला पत्रा लावला, खाली पंधरा लिटरची बादली धरली आणि पोराला मोबाईलवर वेळ लावायला सांगितलं. पन्नास सेकंदात बादली भरली. म्हणजे मिनिटाला 18 लिटर, दीड तासात 1,620. इकडं माझा कूलर कोरडा. हाच आकडा अर्जाच्या पहिल्या ओळीत टाकला.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं, दोन प्रतींत. जागा नेमकी लिहा: वॉर्ड, कोणाच्या घरासमोर, खांबाचा नंबर असेल तर तोही. एका अर्जात एकच काम. नाली, कचरागाडी, दिवसा जळणारे लाईट असं सगळं एकत्र कोंबलं की तो कागद टेबलाटेबलावर फिरत राहतो. आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. "शिक्का साहेबांच्या कपाटात आहे" म्हणतील. मग बसायचं. मी काजबटणाचं काम सोबत नेलं होतं.

व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पोरावर मात्र ओरडू नका. सामान त्याच्या हातात नसते, आणि नेमकं काय बिघडलं हे त्यालाच माहीत असते. आमच्या व्हॉल्व्हवाल्या पोरानंच सांगितलं, व्हॉल्व्ह चांगला आहे, दांड्याभोवती पाणी अडवायला गुंडाळलेली दोरी, ग्लँडची दोरी म्हणतात ती, झिजली.

पंधरा-वीस दिवसांत काही हललं नाही तर माहितीचा अधिकार, 2005 चा कायदा. साध्या कागदावर ठरलेल्या नमुन्यात अर्ज, त्यावर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. पहिल्या खेपेला मी विचारलं, "पाणी वाया काऊन जाते, जबाबदार कोण?" उत्तर आलं, अशी माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही. चूक माझीच. 'का' विचारायचं नाही, कागद मागायचा. दुसऱ्यांदा लिहिलं: माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली, त्या नोंदींची प्रत द्या. झेरॉक्सचे पानाला 2 रुपये घेतात. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. नाही दिलं तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील, त्याला 20 रुपयांचं तिकीट.

मला अपिलाची गरज पडली नाही. तक्रार नोंदवहीच्या पानाची प्रत आली, त्यात माझ्या तक्रारीपुढं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: "दुरुस्ती केली, निकाली." तोवर नालीत बेशरमाची झाडं वाढली होती! त्या पानाला मी त्याच आठवड्यातला, तारीख दिसणारा धारेचा फोटो टाचला आणि मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला. काही बोलले नाही ते. फक्त चष्मा काढून पुसला.

चौथ्या दिवशी दोन माणसं आली, वितभर दोरी गुंडाळली, नट आवळला. वीस मिनिटांचं काम.

खोदलेला खड्डा तसाच ठेवून गेले. त्याचा अर्ज सोमवारी दिला आहे, पोच घेऊन.