भाताचं खालचं पान पिवळं पडलं? या चुका टाळा

लावणीला तीन आठवडे झाले, पावसाने दडी मारली आणि भात पिवळा दिसायला लागला, की हात आधी युरियाच्या गोणीकडे जातो. माझाही जायचा. पण खाचरात उतरून एक चूड (रोपांचा झुबका) फाकवून बघा: पिवळं कुठलं पान आहे?

खालचं जुनं पिवळं आणि वरचं कोवळं हिरवं असेल, तर रोप काटकसर करतंय. पेशी आपलीच जुनी, बिघडलेली प्रथिनं आणि हरितलवकांचे तुकडे दुहेरी पापुद्र्याच्या पिशवीत बांधते, रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या मोठ्या कप्प्यात, नेऊन विरघळवते. सुटलेलं नत्र वरच्या पानाला, पुढे दाण्याला मिळतं. हीच ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने स्वतःचंच खाणं. यीस्टमध्ये तिची यंत्रणा उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना 2016 चं नोबेल मिळालं.

‘स्वतःला खातंय म्हणजे मरतंय’ हा समज उलटा आहे. ऑटोफॅजीची जनुकं बंद पाडलेली रोपंच लवकर पिवळी पडतात, उपासमार आणि दुष्काळात आधी मान टाकतात. भातात असं एक जनुक बंद केलं तर परागकणच नीट पिकत नाहीत.

दुसरं टोकही पाहिलंय. ‘उपवासाने ऑटोफॅजी वाढते’ असे व्हिडिओ बघून आमच्या एका पाहुण्यांनी परसातल्या मिरचीचं पाणी तोडलं, ‘ऑटोफॅजी होऊ दे’ म्हणून! अहो, ती अडचणीतली सोय आहे, खुराक नव्हे.

युरिया द्यायचाच तर ओल आल्यावर, थोडा थोडा. कोरड्या खाचरात त्यातलं बरंच नत्र वायू होऊन उडतं. आणि कोवळं पान आधी पिवळं असेल तर गंधक किंवा लोह कमी असू शकतं. ती जुन्या पानातून सहज हलत नाहीत. तिथे युरियाचा उपयोग नाही. परसात अर्धवट पिवळं पान खुडायची घाईही नको, त्यातला माल अजून वर जातोय. करप्या रोगाचे ठिपके असतील तर गोष्ट वेगळी.

खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनीत, मात्र आधी खाचरातल्या पाण्याचा थेंब जिभेला लावा. उधाणाचं पाणी शिरलं की पानांचे शेंडे जळतात. ऑटोफॅजी रोपाला चार दिवस तगवेल, मीठ धुणार नाही. ते पावसाच्या पाण्यानेच: खाचर भरायचं, ओहोटीला उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) सोडायचं, पुन्हा भरायचं. पुढच्या वर्षी पनवेल-3 सारखं खाऱ्या जमिनीचं वाण घ्या. आणि भरतीच्या आधी बांध चालून या. खेकड्याचं बीळ हमखास नजरेतून सुटतं.