पासबुकावरचा पासवर्ड : या चुका टाळा

परभणीजवळच्या आमच्या सेवा केंद्रावर मागं एक मामा आले. योजनेचा अर्ज भरायचा होता. प्लास्टिकच्या पिशवीतून पासबुक काढलं, तर पुठ्ठ्यावर बॉलपेननं चार पासवर्ड, तीन खोडलेले. नातवाचं नाव, पुढं ॲट, मग 1, मग 12, मग 123. "यातल्या कशानं तरी उघडंल बघ." चौथ्यानंही उघडलं नाही.

चूक मामांची म्हणावी तर अर्धीच. कॅपिटल हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, वर दर तीन महिन्यांनी बदला! एवढा जाच केला की माणूस नाव-ॲट-123 वरच येतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं 2017 मध्येच सांगितलं की ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याची खूण दिसली तरच बदला. खरा जोर लांबीत असतो.

म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या : खलबत्ता, एसटी, तूर, गोधडी. रोमन लिपीत सलग लिहिले की वीसच्या वर अक्षरं होतात, आणि डोळ्यासमोर चित्र राहतं. (हेच ठेवू नका हं. म्हणी आणि अभंगाच्या ओळीही नकोत, त्या सगळ्यांनाच पाठ.) साइट लांब पासवर्ड घेत नसेल तर "आखाड्यावर 2 लिंब अन् 1 बोर" अशा घरच्या वाक्यातली आद्याक्षरं आणि आकडे घ्या.

ईमेलचा पासवर्ड मात्र दुसरीकडं कुठंच वापरू नका. तो चोराच्या हाती गेला की ईमेलवरून बाकीचे पासवर्ड बदलायची त्याला वाट मोकळी.

लिहून ठेवणं पाप नाही. घरातल्या कपाटातली वही चालेल, सोबत फिरणारं पासबुक नाही. पिन कुठंच लिहू नका. "तूच ठेव बाबा पासवर्ड" असं आम्हाला तर बिलकुल म्हणू नका. केंद्रावरच्या संगणकानं "सेव्ह करू का?" विचारलं की नाही म्हणायला लावा, लॉगआउट झालेलं बघूनच उठा.

मामांचं घोडं शेवटी अडलं ते ओटीपीवर. तो जात होता जुन्या सिमवर, आणि ते रिचार्जअभावी बंद. असा नंबर पुढं कंपनी दुसऱ्या कुणाला देते, मग तुमचे ओटीपी त्याच्याकडं. तेव्हा आधी बँक, आधार, ईमेल इथला नंबर बदला, सिम नंतर सोडा.

आधारवरचा नंबर बदलून मामा परत आले. नवा पासवर्ड एकेक बोटानं स्वतः टाइप केला, मला भिंतीकडं तोंड करायला लावून.